लस टोचली, खांदा आखडला: भरपाई कोणी द्यावी?

गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही मंदिराबाहेर येत होतो. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका वऱ्हांड्यात थांबल्या होत्या. त्यांना सारा गाव 'टीचर' म्हणूनच ओळखतो. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एका खाजगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली. त्याच रात्रीपासून डावा खांदा ठणकू लागला. दोन दिवसांत थांबेल असे सर्वांनी सांगितले, पण सात महिने झाले तरी तो हात खांद्याच्या वर जात नाही. फळीवरचा डबा काढता येत नाही, केसांचा अंबाडा बांधायला सुनेला हाक मारावी लागते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. न्यू जर्सीला राहणाऱ्या त्यांच्या भावाने फोनवर सांगितले की, तू इकडे असतीस तर सरकारने तुला पैसे दिले असते. टीचरांनी आम्हाला विचारले, "फादर, हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर आपल्याकडे का नाही?"

प्रश्न पैशाचा असला तरी त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता. फिजिओथेरपी, सोनोग्राफी आणि औषधे यांवर निवृत्तिवेतनातील बरीच रक्कम गेली आहे, इतकेच. दवाखान्यावर दावा लावावा, असे मुलाने सुचवले तेव्हा त्या गप्प राहिल्या, कारण ज्या नर्सने ती सुई टोचली ती त्यांचीच विद्यार्थिनी आहे. आम्ही त्यांना आठवड्याची मुदत मागितली. त्या आठवड्यात जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते सर्वच वाचकांच्या उपयोगाचे वाटल्यामुळे येथे मांडीत आहोत.

प्रथम दुखण्याविषयी. लस टोचल्यावर दंड दुखणे ही सर्वसाधारण बाब असून दोन-तीन दिवसांत ते दुखणे ओसरते. येथे विषय निराळा आहे. दंडाच्या वरच्या भागात डेल्टॉइड नावाचा जाड स्नायू असतो आणि लस त्या स्नायूच्या मध्यावर द्यायची असते. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागते, त्याच्या दोन ते तीन बोटे खाली ही जागा येते. सुई त्याहून वर गेली तर लस स्नायूऐवजी हाड आणि स्नायू यांच्यामधील 'बर्सा' नावाच्या द्रवाच्या पिशवीत किंवा स्नायुबंधात जाऊ शकते. लशीचे कामच शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचे असल्याने, नको त्या जागी ती उतरली की तेथे दाह सुरू होतो. खांदा दुखतो, पुढे आखडतो, काहींना स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे लागते, तर थोड्यांवर शस्त्रक्रियेची वेळ येते. अमेरिकेतील डॉक्टरांनी 2007 साली अशा दोन रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि 2010 साली तेरा रुग्णांचा अभ्यास छापून आला. तेव्हापासून या दुखापतीला 'सिर्वा' हे आद्याक्षरी नाव मिळाले. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, लस टोचणे आणि खांद्याच्या बर्साचा दाह यांतील कार्यकारणसंबंध पुराव्याने पटण्याजोगा असल्याचे मान्य केले. या अहवालात दोष लशीच्या घटकांकडे दिलेला नसून टोचण्याच्या क्रियेकडे दिलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सारा वाद तेथूनच उभा राहतो.

टीचरांना आम्ही विचारले, सुई टोचताना तुम्ही बसला होता की उभ्या होता? त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि नर्स उभी होती. पोलक्याची बाही घट्ट असल्याने वर सरकेना, म्हणून गळ्याकडून कपडा ओढून खांदा मोकळा केला होता. देणारी उभी, घेणारी बसलेली आणि खांद्याचा फक्त वरचा भाग उघडा, अशा वेळी सुई हमखास वर सरकते. टोचणाऱ्याने शेजारी बसून टोचावे आणि पूर्ण दंड उघडा करावा, असे प्रशिक्षणात सांगितले जाते ते याचसाठी. गर्दीच्या दिवशी कोणती नर्स बसून इंजेक्शन देते, हा भाग वेगळा.

आता अमेरिकेतील व्यवस्थेकडे वळू. 1980 च्या दशकात तेथे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील तिहेरी लशीमुळे मुलांना इजा झाल्याचे आरोप करणारे असंख्य खटले कंपन्यांवर दाखल झाले. काही कंपन्यांनी लस बनवणेच सोडून दिले आणि तुटवड्याची भीती निर्माण झाली. त्यावर तोडगा म्हणून 1986 साली अमेरिकी संसदेने राष्ट्रीय बालक लस इजा कायदा केला आणि 1988 पासून भरपाईची योजना सुरू झाली. नावात 'बालक' असले तरी प्रौढांनाही ती लागू आहे. फ्लूची लस 2005 साली तिच्या कक्षेत आली.

या योजनेत इजा झालेल्या माणसाला डॉक्टर, नर्स किंवा कंपनी यांची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा वॉशिंग्टनमधील कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स या न्यायालयात दाखल होतो आणि प्रतिवादी असतो तो केंद्र सरकारचा आरोग्य विभाग. न्यायालयातील 'स्पेशल मास्टर' म्हणवले जाणारे अधिकारी निर्णय देतात. त्यासाठी लागणारा पैसा लशीवरील करातून उभा राहतो. प्रत्येक मात्रेतील प्रत्येक रोगामागे 75 सेंट असा तो हिशोब आहे. फ्लूच्या लशीवर 75 सेंट, तर गोवर, गालगुंड आणि रुबेला अशा तीन रोगांच्या एकत्रित लशीवर सव्वादोन डॉलर. म्हणजे लस घेणारे सर्वजण मिळून, ज्या एखाद्याला इजा होईल त्याची तरतूद आधीच करून ठेवतात. दावा फेटाळला गेला तरी तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असल्यास वकिलाचा खर्चही योजनेतून मिळतो. आपल्याकडील न्यायालयांचे उंबरठे झिजवलेल्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल.

21 मार्च 2017 पासून खांद्याची ही दुखापत योजनेच्या अधिकृत तक्त्यात आली. तक्त्यात येण्याचा अर्थ असा की, ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तर इजा लसीकरणामुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो आणि वैद्यकीय तज्ज्ञांची फौज उभी करण्याची गरज राहत नाही. अटी चार आहेत. त्या खांद्याला पूर्वी दुखणे वा जखडलेपणा नसावा, वेदना टोचल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालेली असावी, दुखणे आणि हालचालीतील अडथळा ज्या खांद्यात टोचले त्यापुरताच असावा आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने त्याचा उलगडा होत नसावा. शिवाय त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. वेदनेपोटी मिळणाऱ्या रकमेला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे आणि 1986 पासून ती एका डॉलरनेही वाढलेली नाही. उपचाराचा खर्च आणि बुडालेली मिळकत यांचा हिशोब वेगळा होतो. निकालास दोन-तीन वर्षे सहज लागतात, कारण कायद्याने स्पेशल मास्टरांची संख्या आठवर बांधून ठेवली आहे.

सुरुवातीपासून आजवर या योजनेने पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली. हा आकडा ऐकून लशीविषयी धास्ती घेणाऱ्यांनी दुसरा आकडाही ऐकावा. अमेरिकी आरोग्य विभागाच्या हिशोबानुसार वितरित झालेल्या दर दहा लाख मात्रांमागे साधारणपणे एका व्यक्तीला भरपाई मिळाली आहे. त्यातही बहुसंख्य प्रकरणे तडजोडीने मिटतात. लशीनेच इजा झाली असा निष्कर्ष प्रत्येक वेळी निघालेला असतोच असे नाही.

असे असले तरी ही दुखापत तक्त्यात राहावी की नाही, यावर तेथे मोठा वाद झाला. अलीकडच्या वर्षांत योजनेकडे येणाऱ्या दाव्यांपैकी सुमारे निम्मे दावे खांद्याचेच होते. जुलै 2020 मध्ये तेथील आरोग्य विभागाने ही दुखापत तक्त्यातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामागील युक्तिवाद असा की, कायदा लशीमुळे होणाऱ्या इजेसाठी आहे. येथे इजा लशीने केलेली नसून चुकीच्या जागी खुपसलेल्या सुईने केलेली आहे. चूक करणाऱ्याला त्याची झळ लागली नाही तर तो सुधारेल कशाला? जानेवारी 2021 मध्ये तसा अंतिम नियमही प्रसिद्ध झाला. परंतु सरकार बदलले आणि एप्रिल 2021 मध्ये नव्या प्रशासनाने तो रद्द केला. खांद्याची दुखापत तक्त्यात राहिली.

हा युक्तिवाद आम्हाला पोकळ वाटत नाही. जुन्या करारातील निर्गमाच्या ग्रंथातही, ज्याने दुसऱ्याला जखमी केले त्याने त्याच्या बुडालेल्या कामाची आणि औषधपाण्याची भरपाई करावी असा दंडक आहे. ज्याची चूक त्याने भरावे, ही न्यायाची फार जुनी कल्पना आहे आणि ती सोडण्यास सबळ कारण हवे. येथे तसे कारण आहे, असे आमचे मत झाले आहे. एखादा माणूस आजारी पडल्यावर औषध घेतो ते स्वतःसाठी. धडधाकट माणूस लस घेतो तेव्हा त्यात त्याचे हित असते, तसेच शेजारच्या म्हाताऱ्याचे आणि घरातील तान्ह्या बाळाचेही असते. डिसेंबर 2020 मध्ये रोममधील श्रद्धा-सिद्धांत विभागाने कोविड लशींविषयी जी टिप्पणी प्रसिद्ध केली, तिच्यात लसीकरण ऐच्छिक असावे असे सांगतानाच सार्वजनिक हिताच्या कर्तव्याची आठवण करून दिली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट 2021 मधील चित्रफीत-संदेशात लस घेण्याला प्रेमाचे कृत्य म्हटले. त्या दिवसांत आम्हीही वेदीवरून तेच सांगत होतो. इतरांसाठी दंड पुढे करा असे ज्यांना आम्ही सांगितले, त्यांतील एखाद्याचा दंड कायमचा दुखू लागला तर तुमचे नशीब म्हणून हात झटकणे आम्हाला तरी जमणार नाही.

पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हाच विचार 1953 साली मांडला होता. देवीची लस सक्तीची असताना ज्यांना तिच्यामुळे इजा झाली, त्यांनी समाजासाठी त्याग केला आहे आणि म्हणून त्यांना भरपाईचा हक्क आहे, असा तो निर्णय होता. 1961 साली तेथे तसा कायदाही झाला. ब्रिटनमध्ये 1979 पासून अशी योजना आहे आणि तीत एक लाख वीस हजार पौंड एकरकमी मिळतात. मात्र साठ टक्के अपंगत्वाची अट असल्याने आखडलेल्या खांद्याला तेथे फारशी आशा नाही. ऑस्ट्रेलियाने कोविड लशींपुरती जी योजना 30 सप्टेंबर 2024 पर्यंत चालवली, तिच्यात टोचताना झालेल्या खांद्याच्या इजेचा उल्लेख होता. खुद्द अमेरिकेत कोविडची लस वर सांगितलेल्या योजनेत न येता एका दुसऱ्याच, आणीबाणीच्या काळासाठी केलेल्या योजनेत टाकण्यात आली. तिची मुदत टोचल्यापासून अवघी एक वर्ष. वेदनेपोटी काही नाही, वकिलाचा खर्च नाही आणि हजारो अर्जांपैकी फार थोड्यांच्या हाती काही पडले. एकाच देशात, एकाच दंडात, एकाच प्रकारची इजा. पण कुपीवरील नाव वेगळे म्हणून न्याय वेगळा.

टीचरांच्या भावाचे म्हणणे, थोडक्यात, खरे आहे. आपल्याकडे फ्लूची लस घेतलेल्या टीचरांसाठी मात्र असा तक्ताही नाही आणि करातून उभा राहिलेला निधीही नाही. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी आणि कारण तपासणारी जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील समित्यांची यंत्रणा आहे. टोचण्यातील चूक हा तिच्या वर्गीकरणातील एक स्वतंत्र प्रकारही आहे. पण कारण ठरवणे हे तिचे काम आहे, पैसे देणे नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कोविड लशीनंतर दगावलेल्या दोन तरुणींच्या पालकांच्या याचिकेवर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. लस ऐच्छिक होती, सरकारवर थेट उत्तरदायित्व येत नाही आणि पीडितांनी दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागावी, अशी त्यातील भूमिका होती. विशेष म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी झालेल्याला त्या चाचणीमुळे इजा झाली, तर 2019 च्या नियमांनुसार आपल्याच देशात भरपाईची सोय आहे. चाचणी संपून तीच लस बाजारात आली की ती सोय उरत नाही.

मग टीचरांपुढे मार्ग कोणते? लस पैसे देऊन खाजगी दवाखान्यात घेतली असल्याने त्या ग्राहक ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. 2019 च्या नव्या कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. मात्र त्याच 1995 च्या निकालानुसार, जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते अशा सरकारी रुग्णालयातील रुग्ण ग्राहक ठरत नाही. म्हणजे आमच्या वाड्यांतील जी माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घेतात, त्यांना हे दार बंद आहे आणि दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. तो त्यांना झेपणारा नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

शिवाय ग्राहक आयोगापुढेही निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागतो. सुई दोन बोटे वर गेली हे सात महिन्यांनंतर दाखवायचे कसे? चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः मधुमेह असलेल्यांचा खांदा लस न घेताही आखडतो, हे दवाखान्याचा वकील पहिल्याच दिवशी सांगेल आणि ते खोटेही नाही. टीचरांना मधुमेह आहे. अमेरिकेतही चौथ्या अटीवर त्यांची उलटतपासणी झाली असती, हे आम्ही त्यांच्यापासून लपवले नाही.

त्याहून अवघड आहे ती नर्स. आमच्या धर्मप्रांतातील कितीतरी घरांत एक तरी मुलगी परिचारिका आहे. कोणी मुंबईच्या रुग्णालयांत, कोणी आखातात, कोणी आयर्लंड-इंग्लंडमध्ये. महामारीच्या काळात त्यांनी दिवसाला शेकडो दंडांत सुया टोचल्या. चूक सिद्ध केल्याखेरीज भरपाई नाही, असा कायदा असला की दुखावलेल्या माणसाला टोचणाऱ्या मुलीकडे बोट दाखवावेच लागते. टीचरांसारखी माणसे तसे करीत नाहीत आणि खर्च गुपचूप सोसतात. जी माणसे तसे करतात, ती एखाद्या पंचवीस वर्षांच्या मुलीची नोकरी घालवतात. चुकीची झळ लागली नाही तर सुधारणा कशी होणार, या अमेरिकी प्रश्नाला आमच्या मते उत्तर आहे. प्रत्येक दाव्याची नोंद प्रशिक्षण देणाऱ्यांपर्यंत पोहोचावी. 'सिर्वा'चा 2010 चा तो अभ्यास भरपाई योजनेकडे आलेल्या दाव्यांतूनच उभा राहिला होता.

ज्यांचे आईवडील मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहून येतात, त्यांच्यासाठी एक सूचना. तेथील औषधाच्या दुकानात फ्लूची लस सर्रास टोचली जाते. लस अमेरिकेत घेतलेली असेल तर योजनेचा अर्ज करण्यास नागरिकत्वाची अट नाही. तीन वर्षांची मुदत मात्र भारतात परतल्यावरही चालूच राहते.

आणि सर्वांसाठी: लस घेतल्यावर दोन-तीन दिवसांपलीकडे खांदा दुखत राहिला, हात वर जाईना, तर घरगुती शेक घेत महिने काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या तारखेला, कोणत्या हाताला टोचले आणि दुखणे त्यानंतर किती तासांनी सुरू झाले. लशीचा बॅच क्रमांक असलेली पावती जपून ठेवा. टीचरांकडे पावती होती, परंतु कोणता दंड याची नोंद कोठेच नव्हती आणि पहिली डॉक्टरभेट दहा आठवड्यांनंतरची होती. दाव्याच्या दृष्टीने त्या दहा आठवड्यांचे नुकसान खांद्याच्या दुखण्याइतकेच मोठे आहे. सोनोग्राफी किंवा एमआरआय लवकर झाली तर दाह कोठे आहे ते दिसते आणि उपचारही लवकर सुरू होतो, हा खरा लाभ.

टीचरांनी शेवटी ग्राहक आयोगाकडे न जाता दवाखान्याच्या संचालकांना पत्र लिहायचे ठरवले. आम्ही मसुदा करून दिला. त्यात नर्सचे नाव नाही. तारीख, दुखण्याची हकीकत, फिजिओथेरपीच्या खर्चाची मागणी आणि ही घटना जिल्ह्याच्या समितीकडे नोंदवावी ही विनंती, एवढेच आहे. दोन वर्षांची मुदत अद्याप शिल्लक असल्याचेही शेवटच्या ओळीत सौम्य शब्दांत लिहिले आहे. ती ओळ काढावी की ठेवावी यावर टीचर बराच वेळ विचार करीत होत्या, अखेर ठेवली. पत्राला तीन आठवडे झाले, उत्तर अजून आलेले नाही.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात या वर्षीही ज्येष्ठांसाठी फ्लूच्या लशीचे शिबिर होणार आहे. टोचणाऱ्या भगिनींसाठी उंच खुर्च्या मागवल्या आहेत आणि नोंदवहीत 'डावा/उजवा' असा एक रकाना आखून घेतला आहे. टीचरांनी नाव नोंदवले आहे, उजव्या हातासाठी.